अण्णांसाठी गाव थांबलं नाही

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकांचं पत्र आलं आहे. मोठं आहे, म्हणून त्यातला मुख्य भाग देते.

“माझे वडील जानेवारीत गेले. वय ८४. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गाव गुरुजी म्हणायचं. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली १९ याच गावात. मी लहान असताना गावात कुणी गेलं की माती होईपर्यंत दुकानं उघडत नसत, पिठाची गिरणी बंद, पारावरचा रेडिओ बंद. अण्णांच्या वेळी रस्ता चालूच होता. आम्ही खांदा बदलायला थांबलो तर मागून एका मोटारसायकलवाल्यानं हॉर्न वाजवला. पुढच्या गल्लीत हळद होती, तिथला डीजे बंद झाला नाही. गावच्या ग्रुपवर ३१२ जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकलं, स्मशानात आम्ही साठ-सत्तर. माझा मुलगा मोबाइलवर सगळं दाखवत होता, माझ्या मस्कतच्या बहिणीला. धाकटी बहीण स्मशानापर्यंत आली, त्यावरून भावकीत कुजबुज झाली. आता भाऊ म्हणतो, वर्षश्राद्धाला स्टँडवर मोठा फ्लेक्स लावू, पुढाऱ्यांना बोलवू, म्हणजे तरी लोकांना कळेल. २०२१ साली आई कोरोनात गेली, तेव्हा आम्ही चौघंच होतो. ते मी समजू शकतो. पण आता का? मेलेल्या माणसाला मान देणं लोक विसरले का? एक उसाचा ट्रॅक्टर तेवढा थांबला होता. वर्षश्राद्धाला मी काय करू?”

नमस्कार.

वडील खांद्यावर आणि मागून हॉर्न. ती ओळ वाचल्यावर मी पत्र खाली ठेवलं होतं, संध्याकाळी पुन्हा हातात घेतलं. तुम्ही ‘राग आला’ असंही लिहिलेलं नाही, नुसतं घडलं ते लिहिलं आहे. त्यामुळं ते जास्त लागलं.

आधी आईबद्दल बोलू या, कारण मला वाटतं दुखणं तिथून सुरू होतं. २०२१ साली सरकारी नियमच होता, अंत्यविधीला वीस माणसांच्या वर नाही. आणि वीससुद्धा कुठं जमत होती? आई गेली तेव्हा दारात कुणी आलं नाही, शेजारून भाकरी आली नाही, सावडायला भावकी नव्हती. ते तुम्ही गिळलं. अण्णांच्या वेळी गाव येईल, आणि त्या गर्दीत आईचं राहिलेलंही भरून निघेल, असं कुठंतरी मनात धरलं असणार. अण्णांच्या मातीला साठ-सत्तर माणसं आली, हे खरं तर थोडं नाही. पण तुम्ही दोन माणसांसाठी मोजत होता, म्हणून ती कमी पडली. वर्षश्राद्ध करताना आईचा फोटोही शेजारी ठेवा, आणि येणाऱ्यांना सांगा की आज दोघांचं आहे. तेव्हा येऊ न शकलेली पुष्कळ माणसं ते ओझं अजून मनात घेऊन असतात. त्यांनाही एकदा येऊन बसू द्या.

आता गावाबद्दल. गाव का थांबलं नाही, याचं उत्तर ‘माणसं बदलली’ एवढं सोपं नाही. तुमच्या लहानपणी तिरडी जायची ती पायवाटेनं किंवा पेठेतून, आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला माहीत असायचं की आत कोण आहे. आज तुमच्या दारावरून जाणारा रस्ता जिल्ह्याचा आहे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळी गाठायला निघालेला पोरगा कुठल्या तालुक्यातला, त्याला अण्णा कोण हे कसं कळावं? त्यानं हॉर्न वाजवायला नको होता. तिरडी कुणाचीही असो, थांबायचं असतं, हे त्याला घरात कुणी शिकवलं नाही. पण त्यानं तुमच्या अण्णांचा अपमान केला असं मनात ठेवू नका. त्यानं गर्दी पाहिली, माणूस पाहिला नाही.

डीजेचं निराळं. तो गल्लीतलाच होता. तिथं मला विचारावंसं वाटतं, हळदीच्या घरी कुणी जाऊन सांगितलं होतं का? पूर्वी वरात मयताच्या दारावरून जायची झाली की वाजंत्री थांबायची, कारण कुणीतरी पुढं पळत जाऊन सांगितलेलं असायचं. ग्रुपवर पडलेला मेसेज हळदीच्या गडबडीत कोण वाचणार? आणि आत डीजे इतका मोठा की बाहेरचं भजन ऐकू येत नाही. ती माणसं वाईट असतील असं मला वाटत नाही. माझ्या गल्लीत मी हे पाहिलं आहे: कुणीतरी जाऊन नुसतं “काकू गेल्या, दहाला नेणार आहेत” म्हटलं, आणि नवरदेवाच्या मामानं स्वतः वायर काढली.

पण हे पुढं पळत जाऊन सांगणं कुणाचं काम होतं, ते आठवून बघा. जुन्या गावगाड्यात मयताची वर्दी घेऊन कोसकोस चालत जायचं, सरणाला लाकडं पोचवायची, हे महार वतनातलं काम होतं. पाऊस असो, रात्र असो, नाही म्हणायची सोय नव्हती. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात हे वतन मोडलं, डॉ. आंबेडकर त्याविरुद्ध मुंबईच्या कायदेमंडळात लढले. आणि बाकीच्या मुलखातलं १९५८ च्या कायद्यानं गेलं. ज्याच्या पायांवर गावाचा दुखवटा चालायचा, त्याच्या घरी कुणी गेलं तर गिरणी बंद राहायची का? त्यांची स्मशानं वेगळी होती, कित्येक गावांत आजही वेगळी आहेत. तुमच्या आठवणीतलं थांबलेलं गाव खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते सुंदरच होतं. पण ते सगळ्यांसाठी थांबत नव्हतं, आणि ३४ वर्षं एकाच पट्टीवर सगळ्या जातींची पोरं बसवणाऱ्या गुरुजींच्या मुलाला हे मी सांगायला नको.

तुम्ही बहिणीचं स्मशानात येणं याच यादीत घातलं आहे. हॉर्न, डीजे, मोबाइल, आणि बहीण. तिला त्यातून काढा, आजच काढा. बाप गेल्यावर लेकीनं उंबऱ्यात उभं राहून तिरडी वळणाआड जाताना बघायची, आणि मग आत येऊन अंगण सारवायचं, यात अण्णांचा कुठला मान होता? ती शेवटपर्यंत चालत आली. त्या दिवशी अण्णांना मिळालेला तो मोठा मान होता, आणि तुमच्या घरातूनच मिळाला. भावकीची कुजबुज दोन वर्षांत विरेल. हेरवाड तुमच्यापासून लांब नाही. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावानं ४ मे २०२२ च्या ग्रामसभेत ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं आमच्या गावात बंद. काही दिवसांत राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकी ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. शतकानुशतकं हे सगळं ‘मेलेल्याचा मान’ म्हणूनच चालत होतं. मेलेल्याला त्यातून काय मिळत होतं कुणास ठाऊक. जिवंत बाई मात्र चारचौघांत उघडी पडत होती. ठराव झाल्यावर तिथली बाई नवऱ्यासाठी कमी रडते असं कुणी म्हणू शकेल का?

त्याच आठवड्यात कोल्हापुरात काय झालं तेही तुम्हाला आठवत असेल. ६ मे २०२२, शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली. सकाळी दहाला शंभर सेकंद सगळं शहर थांबलं. चौकातल्या रिक्षा, भाजीवाल्या, शाळकरी पोरं, जो जिथं होता तिथं उभा. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या राजासाठी, ज्याला त्या गर्दीतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं. लोक थांबायला विसरलेत असं मला म्हणवत नाही ते यामुळं. त्यांना आधी सांगितलं होतं: कधी, कुठं, किती वेळ, कशासाठी. सांगितलं, तर थांबले.

उभं राहून मौन पाळणं ही आपली जुनी रीत नाही, हे कदाचित तुम्हाला नवीन वाटेल. आपल्याकडं टाहो फोडायची रीत होती, भजनाची होती. दोन मिनिटांचं मौन ११ नोव्हेंबर १९१९ ला ब्रिटनमध्ये, पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी, राजाच्या आवाहनावरून सुरू झालं. तिथून ते पसरलं. आता दर ३० जानेवारीला, हुतात्मा दिनी, सकाळी अकरा वाजता आपण तेच करतो, आणि अण्णांच्या शाळेत कुणी गेलं की प्रार्थनेनंतर पोरं तशीच उभी राहत असतील. ते परकं आहे असं कुणाला वाटत नाही. दुसरीकडं आपल्याच काही रीतींना आपल्याच माणसांनी हात लावला. सावरकरांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की माझ्यासाठी हरताळ नको, दुकानं बंद नकोत, विद्युतदाहिनीत न्या. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर बाबासाहेबांना वंदन करायला लाखो लोक येतात आणि जाताना पुस्तकं घेऊन जातात. अलीकडं तर हार-मेणबत्त्यांऐवजी वही आणि पेन आणा, असं आवाहन करणारी माणसं तिथं उभी असतात. रीत बदलली म्हणून मान गेला असं यातल्या कुठंच झालेलं नाही.

ग्रुपवरच्या ३१२ मेसेजांचं काय करायचं? त्यांच्यावर चिडू नका, आणि त्यांना फार मोठंही मानू नका. पूर्वी निधनवार्तेच्या फळ्यासमोर माणूस थांबायचा, खडूनं लिहिलेलं नाव वाचायचा, चुकचुकायचा आणि पुढं जायचा. अंगठ्यानं पाठवलेली श्रद्धांजली म्हणजे तेवढंच. फरक एवढाच की तेव्हा ते चुकचुकणं घरापर्यंत पोचायचं नाही, आता सगळं पोचतं आणि तुम्ही मोजत बसता. मला खटकतं ते दुसरंच. मेसेज टाकला की भेटायला जाणं झालं, असं पुष्कळांच्या मनात बसत चाललं आहे. ते मला अजिबात मान्य नाही. दुखवट्याच्या घरी जाऊन दहा मिनिटं सतरंजीवर बसणं, काही बोलायला सुचलं नाही तर गप्प बसणं, निघताना हातावर हात ठेवणं, याला फोनमध्ये पर्याय नाही. हे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही सांगते: या महिन्यात कुणाला नुसता मेसेज टाकून सोडलं असेल, तर जाऊन या. उशीर झाला म्हणून लाजू नका. तेरा दिवसांनंतर घर रिकामं होतं, तेव्हाच माणसाची गरज असते.

त्या ३१२ मध्ये दोन-चार जणांनी तरी काही वेगळं लिहिलं असेल: गुरुजींनी पाढे कसे पाठ करून घेतले, कुणाची फी भरली, कुणाला छडी मारून नंतर घरी जेवायला नेलं. असेल तर ते शोधा आणि एका वहीत उतरवून ठेवा. बाकीचं पुसलं तरी चालेल.

आता मुलाबद्दल. तुम्ही त्याला रागावलात का, ते लिहिलेलं नाही. रागावला असाल तर आज त्याच्याशी बोला. मस्कतमध्ये बसलेल्या बहिणीला बापाचं शेवटचं दर्शन दुसऱ्या कुठल्या वाटेनं मिळणार होतं? तिकीट, सुट्टी, विमान हे सगळं जमेपर्यंत रक्षासुद्धा उरत नाही. गल्फमध्ये, अमेरिकेत असलेल्या कितीतरी लेकींनी अशा थरथरत्या मोबाइलच्या चौकटीतून आईबापांना निरोप दिला आहे, त्या हकिकती या सदराकडं येत असतात. पोरानं चूक केली असेल तर एकच, की वडीलधाऱ्यांना आधी सांगितलं नाही. पुन्हा अशी वेळ आली तर घरातल्या एकानंच फोन धरावा, थोडं मागं उभं राहून धरावा, तिरडीवरचा चेहरा जवळून दाखवू नये, आणि ज्याला यायला जमलं नाही त्याच्यापुरतंच ते राहावं. स्टेटसला अंत्ययात्रा ठेवणं मात्र मला मुळीच पटत नाही. ते घरच्या माणसाचं उघडं दुःख आहे, त्यावर लोकांनी अंगठे उमटवायचे नसतात. तुमच्या मुलानं तसं केलेलं दिसत नाही.

फ्लेक्सवर थोडं जास्त बोलते, कारण तिथं भावाभावांत भांडण होईल असं दिसतंय. तुमच्या भावालाही तोच हॉर्न ऐकू आला होता. तुम्ही मला पत्र लिहिलं, तो दहा बाय पंधराचा फ्लेक्स लावू म्हणतो. दोघांचं म्हणणं एकच आहे: आमचा बाप साधा नव्हता, बघा. म्हणून ‘तुला शोबाजी हवी आहे’ असं त्याला म्हणू नका. पण स्टँडवरचे असे फ्लेक्स नीट पाहा. वर पुढाऱ्यांचे फोटो, खाली शोकाकुल म्हणून पंचवीस चेहरे गॉगलसकट, आणि गेलेला माणूस मधे कुठंतरी. आठवड्यानं तोच फाटून गटारात लोंबतो, किंवा त्यावर कुणाच्या वाढदिवसाचा चढतो. अण्णांचा चेहरा तिथं तसा लोंबलेला तुमच्या भावाला बघवेल का, एवढंच त्याला विचारा. परवानगीशिवाय लावला तर १९९५ च्या विद्रूपण प्रतिबंध कायद्यात तो गुन्हाही आहे; गुरुजींच्या नावानं तो नको.

तरी भावाचं मन मोडायचं नसेल, तर मी म्हणेन की फलक लावा, पण शाळेच्या भिंतीशी, ग्रामपंचायतीची आणि मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. त्यावर एकाही जिवंत माणसाचा फोटो नको, तुमचाही नको. अण्णांचा फोटो, आईचा फोटो, दोघांची नावं, गावात शिकवलेली वर्षं. तिसऱ्या दिवशी दोघा भावांनी स्वतः जाऊन तो उतरवायचा आणि घडी करून घरी आणायचा.

पुढाऱ्यांचं म्हणाल, तर कुणाला येऊ नका म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. आलेल्यानं सतरंजीवर बसावं, माइक कुणालाच नको. कीर्तन किंवा भजन ठेवा, आणि बोलायचंच असेल तर अण्णांच्या दोन विद्यार्थ्यांनी बोलावं. एक साठीतला, एक तिशीतला. त्यांना पंधरा दिवस आधी सांगा, म्हणजे ते नीट आठवून येतील. आमच्या भागात मी एका दशक्रियेला बसले होते. कावळा शिवायची वाट बघत घरचे उन्हात उभे, आणि इकडं पाऊण तास भाषणं. गेलेल्या बाईंचं नाव एका वक्त्यानं चुकीचं घेतलं. त्यांच्या सुनेनं त्या वेळी जे तोंड फिरवलं ते मला अजून दिसतं.

टॉवेल-टोपीचे आहेर नकोत, असं निरोपातच स्पष्ट लिहा. हारही नकोत. ज्याला काही आणायचंच असेल त्यानं वही आणावी, शाळेसाठी. गुरुजींना हे कळलं असतं. आणि तुमच्याकडची एक रीत मला फार आवडते, ती यात कशी बसते बघा. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्काराचे पैसे घेत नाही, आणि होळीला लोक होळी लहान करून उरलेल्या शेणी तिथं दान करतात. कुणाच्या सरणाला लागतील हे माहीत नसताना देतात. तुमच्या गावच्या स्मशानातही शेणी लागतच असतील, पावसाळ्यात तर कोरड्या शेणींसाठी पळापळ होत असेल. या होळीला तुम्ही भावांनी गाडीभर शेणी अण्णा-आईच्या नावानं नेऊन रचा. पाटी लावू नका. गावात दोन स्मशानं असतील तर दोन्हीकडं रचा.

आणखी एक काम तुम्ही करू शकाल, कारण तुम्हाला ते सोसावं लागलं आहे. गावात यापुढं कुणी गेलं, तर रस्त्यावर पुढं जाऊन उभं राहायचं, गाड्यांना हात करायचा, मंगलकार्याच्या घरी जाऊन सांगायचं, हे काम आपणहून घ्या. ज्यांच्यावर पूर्वी ते लादलेलं होतं त्यांच्याकडं पुन्हा जाऊ देऊ नका. तरुण मंडळाची तीन-चार पोरं बरोबर घ्या. पांढरा कपडा बांधलेली काठी हातात असली तरी लांबून दिसते. आणि कुणाच्याही घरचं मयत असो, तुम्ही जा.

शेवटी, तुमच्या पत्रातली ती एक ओळ. “एक उसाचा ट्रॅक्टर तेवढा थांबला होता.” त्यापुढं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. दोन ट्रेलरचा, भरलेला ट्रॅक्टर रस्त्यावर थांबवणं सोपं नसतं. मागं रांग लागते, कारखान्यावर नंबर जातो, खेपेचे पैसे जातात. जानेवारीत तुमच्या रस्त्यावरून ऊस नेणारे बरेचसे लांबून आलेले असतात, त्याला अण्णांचं नावही माहीत नसणार. तो खाली उतरला होता का? चपला काढल्या होत्या का? हात जोडले होते का? तुम्ही खांद्याखाली होता, तुम्हाला दिसलं नसेल. पण मुलाच्या चित्रीकरणात तो आला असेल. वर्षश्राद्धाच्या आधी एकदा दोघं शेजारी बसून ते बघा. ट्रॅक्टरच्या पाटीवर कारखान्याचं नाव दिसलं, तर गळीत संपायच्या आत त्याला गाठा.